फी भरली, तारीख मिळाली, तरीही अर्ज मागे घेतला: तासगाव तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीच्या ब्रिटन व्हिसाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंतचं. कुटुंब सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि घरच्या रकमा ढोबळ केल्या आहेत. नियम आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे पैशाचे कागद सांगलीत तपासून देतो. त्यातूनच ही फाइल माझ्याकडे आली.

मुलगी इंजिनिअर. उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालेला, वर्ग २२ सप्टेंबरला सुरू होणार. फी १७,००० पौंड. त्यातले ८,००० पौंड मे महिन्यात आगाऊ भरले होते आणि विद्यापीठाकडून कॅस, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा क्रमांकही आला होता. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असल्यामुळे क्षयरोगाची तपासणी सक्तीची असते. तीही जूनमध्ये मुंबईला जाऊन झाली होती. तो दाखला सहा महिने चालतो.

घर शेतकऱ्याचं. द्राक्षबाग, थोडा ऊस. वडील आणि चुलते एकत्र. या भागात बागायतदाराकडे पैसा असतो, पण तो एका जागी आणि एका नावावर क्वचित असतो. इथेही तसंच होतं. राष्ट्रीयीकृत बँकेत वडिलांची पाच लाखांची मुदत ठेव आणि बचत खात्यावर दीड लाख. गावातल्या पतसंस्थेत तेरा लाखांची ठेव, वडील आणि चुलते दोघांच्या नावावर. बाकी माल बेदाण्याच्या रूपात कोल्ड स्टोरेजला, दर बघून दिवाळीपर्यंत थोडा थोडा सौद्याला काढायचा म्हणून ठेवलेला.

अडचण

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला दाखवायच्या रकमेचा हिशेब सरळ असतो: राहिलेली फी अधिक राहण्याखाण्याचा खर्च. लंडनबाहेर हा खर्च तेव्हा महिन्याला १,१३६ पौंड धरला जायचा, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, म्हणजे १०,२२४ पौंड. त्यात राहिलेली फी ९,००० पौंड. एकूण १९,२२४ पौंड. पौंडाचा दर ११७-११८ रुपयांच्या घरात होता, म्हणजे साडेबावीस लाखांच्या वर.

रकमेपेक्षा अवघड असतात तिच्या अटी. पैसे विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात हवेत. काका-मामांचे चालत नाहीत. ते सलग २८ दिवस खात्यात असले पाहिजेत आणि त्या काळात शिल्लक एक दिवसही ठरलेल्या रकमेखाली जाता कामा नये. २८ दिवस जिथे संपतात ती तारीख अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत हवी. आणि पैसे ज्या संस्थेत आहेत तिच्यावर त्या देशाच्या बँक नियामकाची, म्हणजे आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची, देखरेख हवी. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. तिच्यावर सहकार खात्याचं नियंत्रण असतं, रिझर्व्ह बँकेचं नाही. गावात तिची पत कितीही मोठी असो, व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते तेरा लाख नसल्यातच जमा.

परदेशी प्रवेश आणि व्हिसाची कामं करणाऱ्या त्यांच्या एजंटने मात्र सांगितलं होतं, "पतसंस्थेचं बॅलन्स सर्टिफिकेट लावू, आमच्या अशा कित्येक फायली पास झाल्यात." त्याच्या सांगण्यावरून गुरुवारी, ३ जुलैला चुलत्यांच्या क्रेडिट कार्डावरून व्हिसा अर्जाची फी भरली गेली. व्हिसाची फी तेव्हा ५२४ पौंड होती. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी आधीच भरायची रक्कम, वर्षाला ७७६ पौंड, पण एक वर्षाच्या अभ्यासक्रमालाही व्हिसा पुढच्या चार महिन्यांसह मिळत असल्याने तो दीड वर्षाचा धरून १,१६४ पौंड. दोन्ही मिळून जवळपास दोन लाख रुपये. बायोमेट्रिकची, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची, पुण्यातली तारीख मंगळवार, ८ जुलैची होती.

शनिवारी मुलगी आणि चुलते माझ्याकडे आले. त्यांना फक्त कागद नीट लावलेत का ते बघून हवे होते. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळ्यात वर पतसंस्थेचं पत्र होतं, गोल शिक्का, व्यवस्थापकांची सही, रक्कम अक्षरी मराठीत. त्याच्याखाली बँकेचं स्टेटमेंट, त्यावर दीड लाख.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एजंटचा: आहे तशी फाइल घेऊन मंगळवारी पुण्याला जायचं. त्याचं म्हणणं, कमी पडलं तर ते मागतील, तेव्हा देऊ. यात गफलत अशी की अधिकारी राहून गेलेला एखादा कागद मागू शकतो, पण २८ दिवस खात्यात नसलेले पैसे कुठलाही कागद नंतर उभे करू शकत नाही. अर्ज नाकारला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही. कॅसही जातो. नाकारलेल्या अर्जात वापरलेला क्रमांक पुन्हा चालत नाही, तो नव्याने मागावा लागतो आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठ तो देईलच असं नाही. निर्णयाविरुद्ध ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते, पण तिथे नवे पुरावे साधारणपणे घेत नाहीत. अधिकाऱ्याची चूक झाली का एवढंच पाहतात. इथे चूक अधिकाऱ्याची नसतीच. आणि नकाराची नोंद कायमची राहते. पुढे ज्या अर्जात "आधी व्हिसा नाकारला होता का" असं विचारलेलं असतं, तिथे हो लिहावं लागतं.

दुसरा पर्याय चुलत्यांना सुचला. फी भरलीच आहे, तर पुण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलू आणि तोवर पैसे बँकेत आणू. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, आणि मी पाहिलेल्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. अर्जाची तारीख म्हणजे ठसे दिल्याची तारीख नव्हे, ऑनलाइन फी भरल्याची तारीख. २८ दिवस मोजायचे ते तिच्याआधीचे. ३ जुलैनंतर खात्यात आलेला रुपया त्या अर्जाच्या काहीच कामाचा नव्हता, ठसे सप्टेंबरात दिले असते तरी.

तिसरा पर्याय शैक्षणिक कर्जाचा. बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्राला २८ दिवसांची अट नसते. पत्र अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलं असलं की पुरतं. हा खरं तर सगळ्यात स्वच्छ रस्ता होता. पण एवढ्या रकमेला तारण लागतं. शाखेने शेतजमीन तारण घ्यायला नकार दिला, आणि घर गावठाणात, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर. बिगरशेती प्लॉट असला तर बघू, त्यातही वकिलाचा सर्च रिपोर्ट येऊन मंजुरी मिळायला महिना धरा, असं उत्तर मिळालं. महिना तर असाही जाणारच होता, आणि शेवटी मंजुरीची खात्री नाही.

चौथा पर्यायही एजंटकडूनच आला, हळू आवाजात. कोणीतरी महिनाभर खात्यात पैसे ठेवतं, टक्का घेतं आणि काढून घेतं. याला या धंद्यात "शो मनी" म्हणतात. मी तो तिथल्या तिथे बंद केला. फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे अर्ज नाकारले जातात, आणि या विद्यापीठाच्या अटींप्रमाणे खोट्या कागदांमुळे व्हिसा नाकारला गेला तर आगाऊ भरलेले ८,००० पौंडही बुडतात. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या नावावर हे घालायचं नसतं.

पाचवा पर्याय: ठसे देण्याआधीच अर्ज मागे घ्यायचा, पैसे वडिलांच्या बँक खात्यात गोळा करायचे, २८ दिवस थांबायचं आणि नवा अर्ज करायचा. ठसे दिलेले नसताना अर्ज रद्द केला तर व्हिसाची फी परत मिळते, अधिभारही मिळतो. मागे घेतलेला अर्ज नाकारलेला धरला जात नाही आणि कॅस पुन्हा वापरता येतो. धोका एकच, वेळेचा.

जानेवारीच्या प्रवेशाला थांबावं का हेही निघालं. या विषयाला त्या विद्यापीठात जानेवारीचा वर्ग नव्हता, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

निर्णय

निर्णय घ्यायला वडील हवे होते आणि वडील पंढरपुरात होते. रविवारी, ६ जुलैला आषाढी एकादशी. त्या गर्दीत फोन लागत नव्हता, लागला तर ऐकू येत नव्हतं. दरम्यान चुलत्यांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती: दोन लाख भरलेत, आता मागे फिरलो तर ते गेले.

ही समजूत उलटी होती. तोवर भरलेला पैसा अजून कुटुंबाचाच होता. तो सुटायचा होता मंगळवारी, पुण्यात काचेच्या पट्टीवर बोटं ठेवली की. मी त्यांना एका कागदावर दोनच ओळी लिहून दिल्या. सोमवारपर्यंत रद्द केलं तर काय परत येतं आणि मंगळवारनंतर काय परत येतं. कॅसबद्दल मात्र माझ्या शब्दावर विसंबू नका म्हणालो. मुलीने विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला ईमेल केला. सोमवारी दुपारी उत्तर आलं: ठसे देण्याआधी अर्ज मागे घेतला तर हाच क्रमांक चालेल, आणि विद्यार्थिनी २९ सप्टेंबरपर्यंत पोहोचली तरी चालेल. या दुसऱ्या ओळीने चित्र पालटलं. ती येईपर्यंत आम्ही सगळे २२ तारीख धरून बसलो होतो.

वडिलांशी रविवारी रात्री बोलणं झालं होतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "साहेब, पोरगीच्या नावाला काय डाग लागत न्हाई ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. सोमवारी संध्याकाळी मुलीने स्वतःच्या लॉगिनमधून अर्ज रद्द केला आणि आलेल्या ईमेलची प्रत काढून ठेवली.

काय केलं

मंगळवारी पुण्याऐवजी सगळे पतसंस्थेत गेले. ठेव दोघांच्या नावावर, म्हणून चुलत्यांची सही लागणार. घरात यावर काही बोलणं झालं असणार, मी विचारलं नाही. चुलत्यांनी सही केली आणि रक्कम वडिलांच्या एकट्याच्या बचत खात्यात वळती करायला लेखी संमती दिली. व्यवस्थापकांनी सगळी रक्कम एकदम देता येणार नाही असं सांगितलं. दहा लाख १० जुलैला आरटीजीएसने आले, तीन लाख १५ ला. मुदतीआधी ठेव मोडल्याने पंधरा हजारांच्या आसपास व्याज बुडालं.

तरीही रक्कम काठावरच होती. बेदाण्याचे शंभर-एक बॉक्स सौद्याला काढले. अडत्या घरोब्याचा, त्याने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लगेच केली आणि १७ जुलैला चार लाख सत्तर हजार जमा झाले. ठेव धरून सगळे मिळून चोवीस लाख वीस हजार. दीड लाखाच्या आसपास जास्तीचे मुद्दाम ठेवायला लावले होते. व्हिसा कार्यालय रुपयाचं पौंडात रूपांतर ओआंडा या चलनदर देणाऱ्या संकेतस्थळाच्या अर्जाच्या दिवशीच्या दराने करतं, आणि महिन्याभरात दर कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसतं.

२८ दिवस शेवटची रक्कम आली त्या दिवसापासून मोजायचे. १७ जुलै हा पहिला दिवस, १३ ऑगस्ट हा अठ्ठाविसावा.

या काळात एक गोष्ट जवळजवळ हातून गेली होती. खरड छाटणीनंतरच्या औषधांची उधारी होती, आणि वडिलांनी कृषी सेवा केंद्राला एक लाख ऐंशी हजारांचा चेक पुढची तारीख टाकून दिला होता. तारीख होती २५ जुलै. तो वटला असता तर शिल्लक साडेबावीस लाखांच्याही खाली गेली असती आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे ऑगस्टअखेर. मी चेकबुकाच्या अर्धपट्ट्या बघायला मागितल्या म्हणून तो सापडला. दुकानदाराने पंधरा ऑगस्टनंतर टाकतो म्हणून सांगितलं आणि शब्द पाळला. शेतकऱ्याच्या खात्यावर असे पुढच्या तारखेचे चेक, पीककर्जाचं व्याज, विम्याचे हप्ते आपोआप वजा होत असतात. पासबुक बघून ते कळत नाही, कारण ते अजून घडलेलं नसतं.

थांबण्याच्या दिवसांत जन्मदाखल्याचंही काम उरकलं. पैसे वडिलांचे असले की नातं सिद्ध करणारा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र लागतं. घरातला दाखला हस्तलिखित मराठी, त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा. एजंटच्या फाइलमध्ये तो तसाच लावला होता. ग्रामसेवकांकडे शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट देऊन नावाची नोंद करून घेतली आणि मराठी-इंग्रजी असा नवा दाखला काढला. पहिली फाइल पैशावरून अडकली नसती तर यावरून अडकली असती, असं मला वाटतं.

१४ ऑगस्टला सकाळी बँकेतून शिक्क्यासह स्टेटमेंट आणि ठेवीचं पत्र घेतलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पतसंस्थेचं ठेव बंद केल्याचं पत्र आणि अडतीची पट्टीही इंग्रजी भाषांतरासह जोडली, म्हणजे एवढा पैसा अचानक कुठून आला या प्रश्नाला फाइलमध्येच उत्तर राहील. त्याच संध्याकाळी मुलीने नवा अर्ज स्वतः भरला आणि फी भरली. एजंटने नव्या अर्जासाठी पुन्हा फाइल चार्ज मागितला होता. तो दिला नाही.

जलद निर्णयासाठी आणखी ५०० पौंड भरायचे का, हा शेवटचा प्रश्न. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाहीत. साधारण निर्णय तीन आठवड्यांत येतो. १९ ऑगस्टला ठसे दिले तर ९ सप्टेंबरच्या आसपास, आणि हातात २९ पर्यंतची मुदत. कुटुंबाने भरायचे नाहीत असं ठरवलं. माझं मत भरावेत असं होतं, कारण ऑगस्ट-सप्टेंबर हा गर्दीचा काळ असतो आणि एवढं सगळं करून आठवडाभराच्या उशिराने वर्ष हुकणं मला पटत नव्हतं. पण पैसे त्यांचे होते.

निकाल आणि हिशेब

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल आला. मुलगी वर्ग सुरू होण्याआधी पोहोचली.

पहिल्या अर्जाची फी आणि अधिभार वेगवेगळ्या नोंदींनी चुलत्यांच्या कार्डावर परत आले, अधिभार उशिरा. परकी चलनावरचं कार्डाचं शुल्क आणि दरातला फरक मिळून काही हजार कमी आले. एजंटचा पहिला फाइल चार्ज ३५,००० आणि अर्ज केंद्रावरच्या जादा सोयींसाठी त्याने आगाऊ भरलेले पैसे गेले ते गेलेच. ठेवीवरचं व्याज धरून एकूण तोटा साठ हजारांच्या आतबाहेर. नकार आला असता तर बुडालेली फी, नव्या कॅसची अनिश्चितता आणि बहुधा अख्खं वर्ष.

एका खर्चाची कोणी कल्पना दिली नव्हती. राहिलेली फी पाठवताना बँकेने टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला. २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांवर जी रक्कम बाहेर जाईल तिच्यावर पाच टक्के. मे महिन्यातले ८,००० पौंड त्याच आर्थिक वर्षातले, त्यामुळे दहा लाखांची मर्यादा जवळजवळ तिथेच संपली होती. जवळपास पन्नास हजार कापले गेले. हे बुडत नाहीत, पण परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून वडिलांनी ते आजवर कधी भरलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

प्रवेशपत्र मार्चमध्ये आलं होतं. पतसंस्थेतली ठेव तेव्हाच बँकेत आणली असती तर जुलैचा सगळा गोंधळ टळला असता. आम्ही सांगलीकर ठेवीला जास्त व्याज मिळतं म्हणून आणि ओळखीचा माणूस असतो म्हणून पतसंस्थेत पैसे ठेवतो. त्यात वावगं काही नाही, पण परदेशी शिक्षणाचा बेत असेल तर दाखवायचा पैसा वर्षभर आधी वेगळा काढावा, तोही आईच्या किंवा वडिलांच्या एकट्याच्या नावावर.

कर्जाची चौकशीही मार्चमध्येच व्हायला हवी होती. तारणाला काय चालतं आणि काय नाही हे कळायलाच दोन आठवडे जातात. कर्ज मिळालं असतं तर ठेव मोडावी लागली नसती, बेदाणाही दर येईपर्यंत थांबला असता. शंभर बॉक्स त्या आठवड्यात विकावे लागले याचं वडिलांना अजून वाईट वाटतं.

एजंट ठेवायचा असेल तर लॉगिन आणि पासवर्ड विद्यार्थ्याकडे राहिले पाहिजेत. इथे सुदैवाने ते मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर होते. एजंटच्या ईमेलवर असते तर सोमवारी संध्याकाळी अर्ज रद्द करता आला असता का, मला शंका आहे. त्याला ते नकोच होतं.

आणि मी सांगितलेल्या आकड्यांवर कोणी अर्ज करू नये. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेरचा महिन्याचा खर्च १,१७१ पौंड झाला, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९. ही मुलगी डिसेंबरात अर्ज करती तर तिला ३१५ पौंड जास्त दाखवावे लागले असते. फी भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहावा आणि मग खात्यातली शिल्लक त्याच्याशी ताडून बघावी.